झाड लावण्याचा हक्क

घरच्या घरी भाजी पिकवा, दोन कोंबड्या पाळा, दारात एखादी शेळी बांधा, असे सांगणारी पुस्तके आणि व्याख्याने आज पुष्कळ आहेत. सल्ला चांगलाच असतो, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पायाखालची जागा आपली आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, घराची जागाही नाही, त्याने काय करायचे? हा प्रश्न नवा नाही. केळीच्या बागांनी हिरव्यागार दिसणाऱ्या सावदा-रावेर-यावल पट्ट्यात तर तो फार जुना आहे. आणि एकदा तो सावद्याच्या शेजारीच, फैजपुरात, साऱ्या देशासमोर येऊन गेला आहे.

आधी सालदाराची गोष्ट. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होते आणि पुढच्या आखाजीला संपते. मालक बदलायचा तर तेव्हाच. हा माणूस वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबणार आणि पुढच्या वर्षी कुठे असेल ते त्याचे त्यालाच ठाऊक नाही. तरीही त्याच्या झोपडीच्या मागे काही ना काही हिरवे असायचेच. काय असायचे ते नीट बघा. गिलके, दोडके, दुधी, वाल, पोकळा, अंबाडी. मृगाच्या पावसावर बी टोचायचे, वेल कुडावर किंवा धाब्यावर चढवायचा, न्हाणीचे सांडपाणी आळ्यात सोडायचे, कीड पडली तर चुलीतली राख भुरभुरायची. दसरा-दिवाळीपर्यंत फळे हाती. पुढच्या हंगामाचे बी वाळवून, राखेत घोळवून, गाडग्यात ठेवले की झाले. आंब्याची कोय मात्र तो लावत नसे. त्याला आंबा आवडत नव्हता म्हणून नव्हे. कोय लावून आंबा खायला सहा-आठ वर्षे एका जागी राहावे लागते.

माणूस परसात काय लावतो हे त्याच्या आवडीवर जितके ठरते त्याहून जास्त तो तिथे किती दिवस राहणार यावर ठरते. शेतीच्या इतिहासात पिकांचे आकडे सापडतात, राजांच्या सनदा सापडतात. या कुडावरच्या वेलाची नोंद कुणी केली नाही. एका ठरावात मात्र तिची सावली पडलेली दिसते.

डिसेंबर १९३६. काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरले, ते फैजपूरला. अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू आणि इथल्याच साध्या सामानातून अधिवेशनाची नगरी सजवली. खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन गांधीजींनी उघडले. दोन वर्षांपूर्वीच, १९३४ मध्ये, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशा, शेणकचऱ्याचे खत ही या संघाची कामे. यातल्या बहुतेकांना शेतजमीन लागत नाही, हात आणि अंगण लागते. भूमिहीनाच्या घरात चार पैसे यावेत असा त्यामागचा विचार होता, आणि तो चुकीचा नव्हता.

त्याच वेळी मनमाडहून शेतकऱ्यांचा एक जथा पायी चालत फैजपूरला आला होता. किसान सभेचे अधिवेशनही तिथेच भरले, अध्यक्ष प्रा. एन. जी. रंगा. या शेतकऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. घाणी आणि मधमाशा ठीक आहेत, पण जमिनीचे काय?

त्या अधिवेशनात काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. सारा आणि खंड कमी करावा, कर्जाचा बोजा हलका करावा ही कलमे अपेक्षितच होती. त्यात आणखी एक कलम होते, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. कुळाला जमिनीवर कायमचा, वारसांना मिळणारा हक्क द्यावा आणि त्याबरोबर घर बांधण्याचा व झाडे लावण्याचाही हक्क द्यावा. मसुदा करणारांत कुणीतरी कुडाचा वेल आणि आंब्याची कोय यांतला फरक ओळखणारा असला पाहिजे. पण हे कुळांसाठी होते. शेतमजुरासाठी त्या कार्यक्रमात जगण्यापुरत्या मजुरीची आणि कामाच्या बऱ्या परिस्थितीची मागणी होती, झाडाची नव्हती. सालदार तिथेही कुंपणाबाहेरच राहिला.

पुढे १९३९ मध्ये मुंबई प्रांतात कूळकायदा आला आणि १९४८ मध्ये त्याहून व्यापक कायदा झाला. कुळाने लावलेल्या झाडांवर त्याचा हक्क मानला गेला. कुळाला राहत्या घरातून सहज हुसकता येणार नाही अशी तरतूद झाली आणि तिचा लाभ गावातल्या शेतमजूर व कारागिरांच्या घरांनाही देण्यात आला. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपल्याला आठवते, ‘राहील त्याचे घर’ ही बाजू आपण विसरतो. शेतजमीन मात्र मजुराच्या वाट्याला आली नाही. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी पडीक सरकारी जमिनीसाठी सत्याग्रह केला, त्यात खानदेशही होता. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला. तुरुंग भरले.

कायद्यात नसलेला एक हक्क मात्र मजूर बायांनी रिवाजाने मिळवला होता. निंदणीला गेलेली बाई संध्याकाळी गवताचा भारा डोक्यावर घेऊन घरी येते. त्या भाऱ्यावर शेळी जगते. ती शेळीही पुष्कळदा स्वतःची नसते, वाट्याने घेतलेली असते: शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, करडे वाटून घ्यायची. दोन वर्षांत अशा घरात स्वतःच्या शेळ्या उभ्या राहतात. केळीच्या पट्ट्यात पाने आणि चिरलेले खोडही शेळ्या-गुरांना चालते, घड कापल्यावर ते शेतात पडूनच असते. भांडवल म्हणजे फक्त शेतमालकाची हरकत नसणे. आता तणनाशकाने ही व्यवस्था पोखरली आहे. फवारणी झाली की निंदणीची मजुरी गेली, गवतही गेले आणि गवताबरोबर शेळी गेली. याचा हिशेब कोणत्याही उत्पादनखर्चात धरलेला मला दिसला नाही.

शहरातल्या माणसाला वाटेल, आपला याच्याशी काय संबंध? कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून लहानशा तुकड्यावर, पालापाचोळ्याच्या आणि सूर्यप्रकाशाच्या हिशेबावर एका कुटुंबाची शेती कशी बसते हे दाखवले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीत भाज्या घेतल्या. ही उदाहरणे उमेद देणारी आहेत. आपल्याकडे फक्त उन्हाचा विचार जास्त करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की स्लॅबवरची कुंडी भाजून निघते. ती पूर्वेच्या भिंतीला सरकवावी, वर वाळलेल्या केळीच्या पानांचे आच्छादन घालावे. माठाच्या फुटक्या बुडात पुदिना येतो, तेलाच्या रिकाम्या डब्यात वांगे येते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी, कारण डबा उचलून नेता येतो.

शेवग्याचीही तीच गंमत आहे. हाताएवढी फांदी खोचली की ती फुटते, साधारण वर्षभरात शेंगा धरू लागते आणि घर सोडताना तिचीच एक फांदी तोडून पुढच्या घरी नेता येते. केळीचे मात्र तसे जमत नाही. घराच्या भाडेकराराची आज रूढ मुदत अकरा महिन्यांची. सालदाराचे साल बारा महिन्यांचे होते. ऊतिसंवर्धित रोपापासूनही घड उतरायला साधारण तितकेच महिने लागतात, जुन्या बसराईला तर त्याहून जास्त. सावद्यात भाड्याने राहणाऱ्याने मोरीच्या पाण्यावर केळ लावली, तर तिचा घड त्यालाच मिळेल की पुढच्या भाडेकरूला, हे घरमालकाच्या मर्जीवर आहे.