बारदानाची कथा

मालाचा इतिहास लिहिला जातो. तो ज्यात भरला जातो त्या बारदानाचा सहसा नाही. उमरगा तालुक्यातील मुरुम हे बाजाराचे गाव 1948 पावेतो निजामाच्या अमलाखाली होते. या मुलखात पिकाच्या ओळींतून अंबाडी लावण्याची जुनी चाल आहे. पाला भाजीला, वाख दोराला, उरलेली काडी चुलीला. टाकून द्यावे असे तीत काहीच नव्हते.

1855 साली हुगळीकाठी रिसडा येथे तागाची पहिली गिरणी निघाली आणि गिरणीचे गोणपाट हळूहळू सर्वत्र पसरले. इंग्रजांचा ‘गनी’ हा शब्द आपल्या गोणीवरूनच गेलेला आहे, हे येथे नमूद करण्याजोगे. तथापि गोणपाटाने जुनी काटकसर मोडली नाही. पोते फाटले की दाभण-सुतळीने शिवावे, पुन्हा भरावे, आणि अगदीच जीर्ण झाले म्हणजे पावसात त्याची खोळ करावी. 1947 च्या फाळणीत तागाची बहुतेक शेते पूर्व बंगालात गेली, गिरण्या कलकत्त्यास राहिल्या. तेव्हा कोठे गिरण्यांस अंबाडीच्या जातीच्या धाग्याची आठवण झाली.

पुढे प्लास्टिकच्या विणीची पोती आली. 1987 च्या कायद्याने धान्य व साखर तागात भरण्याची सक्ती केली. साखरेपुरती ती पुढे शेकडा 20 वर उतरली. नवे पोते हलके व स्वस्त खरे. परंतु हा हिशेब अपुरा आहे. गोणपाट उकिरड्यावर पडले तर त्याचे खत होते. प्लास्टिकचे पोते उन्हात पिंजते आणि त्याचे धागे काळ्या रानात तसेच राहतात.