'स्ट्राइक' या शब्दाची वाटचाल



इंग्रजी मी शाळेत फारसे शिकलो नाही. नोटिसा, करार आणि निवाडे वाचता वाचता जे आले, तेच माझे इंग्रजी. त्या कागदांत वारंवार भेटलेला शब्द म्हणजे 'स्ट्राइक'. शब्द एवढासा, पण त्याचा पसारा केवढा! घड्याळाने ठोके देणे, आगकाडी ओढणे, वीज कोसळणे, नाणे पाडणे, सौदा पटवणे, यादीतून नाव खोडणे, या साऱ्यांना इंग्रज हेच एक क्रियापद लावतो. मूळ अर्थ मात्र सौम्य होता : हळुवार घासणे, हात फिरवणे. तडाखा मागाहून आला.

मग काम बंद ठेवण्याला हा शब्द का लागला? मालकाला तडाखा देतात म्हणून, असे कुणालाही वाटेल. पण इतिहास आपल्याला समुद्राकडे नेतो. खलाशांच्या बोलीत 'स्ट्राइक' म्हणजे शीड किंवा निशाण उतरवणे. आणि लढाईत निशाण उतरवले म्हणजे शरणागती! १७६८ साली लंडनच्या खलाशांनी वेतनवाढीसाठी थेम्स नदीतील जहाजांची शिडे उतरवली. जहाजे जागीच खिळली. शरणागतीचा शब्द त्यांनी नकाराचा करून टाकला, आणि पुढे तो सर्व कामकऱ्यांचा झाला.

हाच शब्द मुंबईच्या नाविकांनीही उचलला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' या आरमारी तळावर निकृष्ट अन्न व अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध नाविकांनी काम थांबवले. त्यांनी आपल्या समितीच्या नावातच 'स्ट्राइक' हा शब्द घातला. सरकारने मात्र त्याला 'म्यूटिनी', म्हणजे बंड, म्हटले. हा नुसता शब्दच्छल नव्हता. संपवाल्याशी बोलणी करावी लागतात. बंडवाल्याला लष्करी कायदा फाशीही देऊ शकतो. २२ तारखेला गिरणगाव त्यांच्या पाठीशी उभा राहिला. गोळीबारात शहरातील दोनशेहून अधिक माणसे मेली. २३ तारखेला नाविक शरण गेले. अनेकांची नोकरी गेली, आणि स्वतंत्र भारताच्या आरमारानेही त्यांना परत घेतले नाही.

म्हणून म्हणतो, कोणत्या गोष्टीला कोण काय नाव देतो, इकडे कामगाराने लक्ष ठेवावे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने संपाची व्याख्या करताना 'एकजुटीने' काम थांबवण्यावर बोट ठेवले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तर एकाच दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी संगनमताने घेतलेली किरकोळ रजाही 'स्ट्राइक'मध्ये घातली. शब्द तोच राहिला. कुंपण मात्र सरकले, आणि कालपर्यंत रजेवर असलेला माणूस आज संपकरी ठरला.

आपला 'संप' शब्द पाहा. शेजारच्या गुजरातीत 'संप' म्हणजे एकोपा. इंग्रजी शब्द काय केले ते सांगतो. आपला शब्द ते कशाच्या बळावर केले, ते सांगतो. शिडे उतरवायला हात पुरतात. ती उतरलेली ठेवायला एकोपाच लागतो.