बोगनवेलीमागची बाई

चैत्र-वैशाखात आपल्या जालना जिल्ह्यात सगळं रान करपलेलं असतं, तेव्हा शाळेच्या कुंपणावर आणि कचेरीच्या फाटकावर एकच वेल लाल-जांभळी फुललेली दिसते. बोगनवेल. तिला पाणी थोडं लागतं आणि काटे भरपूर असतात. रंगीत दिसतात ती खरं तर फुलं नव्हेतच, ती पानं आहेत. फूल आत असतं, पांढरं आणि बारीक.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. नाव मिळालं बोगनविल या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याचं, आणि तिची नोंद केली त्याच्या सफरीवरच्या कॉमर्सन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने. पण आज आम्ही सांगणार आहोत ते तिसऱ्याच माणसाबद्दल. तिचं नाव जान बारे.

जान बारे 1740 मध्ये फ्रान्सच्या खेड्यात, मजुराच्या घरी जन्मली. पुढे कॉमर्सनच्या घरी घर सांभाळू लागली, त्याच्या आजारपणात त्याची सेवा केली, त्याच्या वनस्पतींच्या कामात हात घातला. 1766 मध्ये त्याला पृथ्वीप्रदक्षिणेच्या सफरीचं बोलावणं आलं. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला बंदी होती. तिने छाती बांधली, पुरुषाचे कपडे घातले आणि नोकर म्हणून जहाज गाठलं.

शिडाचं जहाज, वर शंभरावर पुरुष, खाली कोंदट जागा. हे ऐकताना तुमच्याही मनात तोच प्रश्न आला असेल, जो आमच्या मनात आला: लघवीला जायचं कुठे? झालं असं, की कॉमर्सनचं सामान इतकं होतं की कप्तानाने आपली मोठी खोली त्याला देऊन टाकली. त्या खोलीने तिला वाचवलं.

1767 मध्ये जहाज ब्राझीलच्या रिओ बंदरात थांबलं. बोगनवेल तिथलीच. कॉमर्सनचा पाय तेव्हा चिघळलेला होता. डोंगर कोण चढलं असेल, काट्यात हात कोणी घातला असेल, हे आम्हाला वेगळं सांगायला नको. शिधा, हत्यारं, झाडपाला दाबून ठेवायच्या वह्या, सगळं ओझं तीच वाहायची. कॉमर्सन तिला ओझ्याचं जनावर म्हणायचा, हे बोगनविलनेच लिहून ठेवलंय, आणि तेही कौतुकाने!

एप्रिल 1768 मध्ये ताहिती बेटावर तिचं बिंग फुटलं. बोगनविल लिहितो, की तिथल्या लोकांनी तिला बघताक्षणी बाई म्हणून ओळखलं आणि पुढे तिने त्याच्यापाशी रडत कबुली दिली. धन्याला काही माहीत नव्हतं, असं सांगून तिने कॉमर्सनलाही वाचवलं. जहाजावरच्या इतरांच्या रोजनिशींत मात्र वेगळं आहे. तिथे खलाशांनीच तिला गाठून उघडं पाडल्याच्या खुणा आहेत. आम्हाला ती हकिकत जास्त खरी वाटते. पुढाऱ्याच्या पुस्तकात असल्या गोष्टी सहसा येत नाहीत.

1768 च्या शेवटी जहाज मॉरिशसला लागलं आणि दोघं तिथेच उतरली. बेटाचा कारभारी होता प्वाव्र. या आडनावाचा अर्थच मिरी! त्याला एकच ध्यास होता, मसाल्याची झाडं. लवंग आणि जायफळ तेव्हा पूर्वेकडच्या मोलुक्का बेटांवरच होत आणि डचांनी तिथे कडक पहारा बसवला होता. प्वाव्रने गुपचूप जहाजं धाडून 1770 मध्ये लवंग-जायफळाची रोपं आणवली. खारं वारं, गोड्या पाण्याची टंचाई, मातीच्या पेट्या. अशा प्रवासात रोप जगवणं म्हणजे काय, ते रोपवाटिका चालवणाऱ्या बायकांना विचारा. ही रोपं पाम्प्लमूस गावच्या बागेत लागली. पाम्प्लमूस म्हणजे पपनस, आपल्या मोसंबीचं भावंड. मोसंबी हे नावही समुद्रापलीकडच्या मोझांबिकवरून आलं असं सांगतात. पुढे याच बेटांवरून लवंग झांझिबारला गेली.

जान बारे तेव्हा या बेटावर कॉमर्सनसोबत प्वाव्रच्याच आश्रयाला होती, वनस्पती गोळा करत, वाळवत, बांधत. त्या बेटावरच्या मातीत राबणारे हात मात्र गुलामांचे होते, आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून आणलेल्यांचे. गुलामगिरी संपू लागली तेव्हा, 1834 पासून, हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. त्यांत आपल्या कोकणातली माणसंही होती. त्यांची लेकरं-नातवंडं आजही तिथे मराठी जपतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. बागही आहे, मोठमोठ्या कमळपानांच्या तळ्यासाठी प्रसिद्ध.

1773 मध्ये कॉमर्सन बेटावरच वारला. परक्या मुलखात एकटी पडलेल्या या बाईने पोर्ट लुई गावात दारूचा गुत्ता चालवला, पुढच्या वर्षी एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि 1775 च्या सुमाराला मायदेशी परतली. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली बाई ती. कॉमर्सनच्या मृत्युपत्रातला तिचा वाटा तिने मागून घेतला. 1785 मध्ये आरमार खात्याने तिला वर्षाला 200 लिव्र पेन्शन दिली. लिव्र म्हणजे त्या काळचं फ्रेंच चलन. ज्या खात्याने बाईला जहाजावर बंदी घातली होती, त्याच खात्याने! 1807 मध्ये ती वारली.

कॉमर्सनचं नाव सत्तरहून जास्त वनस्पतींना आणि जीवांना आहे. त्याने मादागास्करच्या एका झाडाला तिचं नाव द्यायचं ठरवलं होतं. त्या झाडाची पानं एकाच फांदीवर वेगवेगळ्या आकाराची असतात, म्हणून. ते नाव टिकलं नाही. अखेर 2012 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एका नव्या वनस्पतीला शास्त्रज्ञांनी तिचं नाव दिलं, सोलानम बारेटिए. तिचीही पानं एकसारखी नसतात. आणि ती आहे आपल्या वांग्याच्या कुळातली.