हिरोशिमातील केलॉइड : उपचार आणि उत्तरदायित्व (१९४५-१९५७)

जखम भरून आल्यानंतरही काही वेळा व्रणाची ऊती वाढतच राहते आणि मूळ जखमेची सीमा ओलांडून निरोगी त्वचेवर पसरते. खेकड्याच्या नांगीशी असलेल्या साम्यावरून फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी या वाढीला जे नाव दिले, त्यातून ‘केलॉइड’ ही संज्ञा रूढ झाली. पाठ्यपुस्तकातील ही संज्ञा हिरोशिमात मात्र राजकीय प्रश्न बनली.

६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुस्फोटाच्या उष्णतेने भाजलेल्या अनेकांच्या जखमा भरल्या खऱ्या. परंतु काही महिन्यांतच त्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर व हातांवर जाड, कठीण व्रण उभे राहिले. १९४६-४७ मध्ये ते विशेष ठळकपणे दिसू लागले. प्रारंभी किरणोत्सर्गाला दोष दिला गेला; नंतरच्या अभ्यासांनी भाजण्याची खोली, जंतुसंसर्ग आणि कुपोषण यांना अधिक महत्त्व दिले. जपानी शल्यविशारदांनी कापून काढलेले व्रण पुष्कळदा पुन्हा वाढले. केलॉइड कापणे म्हणजे त्याच त्वचेला नवी जखम करणे होय. म्हणूनच आज शस्त्रक्रियेला स्टिरॉइडची इंजेक्शने, दाब किंवा अल्प किरणोपचार यांची जोड दिली जाते. हिरोशिमाच्या संदर्भात यांतील शेवटचा उपाय विचित्र वाटावा असाच आहे.

१९४७ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने अणुबॉम्बग्रस्तांच्या अभ्यासासाठी आयोग कार्यरत झाला. तेथे तपासणी होई, नोंदी ठेवल्या जात. उपचार करणे मात्र आयोगाच्या धोरणात बसत नव्हते. उपचार हे प्रायश्चित्त समजले जाईल, ही धास्ती त्यामागील एक कारण होती. ज्याच्या व्रणाचे मोजमाप घ्यावयाचे त्याला औषध द्यावयाचे नाही, ही तटस्थता शास्त्रीय म्हणणे कठीण आहे. आपल्याला केवळ अभ्यासाची वस्तू बनवले गेले, ही पीडितांची तक्रार अनाठायी नव्हती.

उपचारांचा मार्ग अखेर खाजगी प्रयत्नांतून निघाला. धर्मोपदेशक कियोशी तानिमोतो व संपादक नॉर्मन कझिन्स यांच्या पुढाकाराने मे १९५५ मध्ये २५ तरुणी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात उपचारांसाठी गेल्या. तेथे त्यांच्यावर शंभराहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९५६ मध्ये एका तरुणीचा शस्त्रक्रियेदरम्यान मृत्यू झाला. जखडलेली बोटे व कोपरे मोकळी करणे, पापण्या मिटू शकतील असे करणे हे बऱ्याच अंशी साधले. चेहरा पूर्ववत होणे शक्य नव्हते. जपानमध्ये पीडितांच्या वैद्यकीय साहाय्याचा कायदा झाला तो १९५७ मध्ये, म्हणजे पहिले व्रण उभे राहिल्यानंतर सुमारे अकरा वर्षांनी.