इंजिनाची शक्ती आणि तिची किंमत

कल्याणहून नाशिककडे जाणाऱ्या गाडीला कसाऱ्याच्या स्थानकात मागून एक हलकासा धक्का बसतो. नवखा प्रवासी दचकतो. आपल्याकडची माणसे हातातला चहा सावरून स्वस्थ बसून राहतात. मागे ढकलणारी इंजिने जोडली गेली, आता घाट चढावयाचा, एवढाच त्याचा अर्थ. सदतीस फुटांमागे एक फूट अशी ही थळघाटाची चढण १८६५ साली रेल्वेमार्गात आली. १९२९-३० च्या सुमारास कल्याणपलीकडे पुणे व इगतपुरी या दोन्ही बाजूंना विजेची गाडी धावू लागली, ठाकुर्लीजवळ चोळ्याला रेल्वेचे वीजघर उभे राहिले, आणि सुमारे २६०० अश्वशक्तीची इंजिने घाटावर आली. त्यांतल्या एकाला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव होते व ते स्वित्झर्लंडमधील व्हिंटरथूर गावी बनले होते. तरीही जड गाडीला मागून टेकू लागतोच. शक्ती कमी पडली तर आणखी एक इंजिन जोडावे, हे रेल्वेचे उत्तर सरळ आहे.

मोटारवाल्याला ही सोय नाही. त्याला आहे त्याच इंजिनातून अधिक शक्ती काढावी लागते. ती कशी काढतात आणि तिची किंमत कोण देतो, याचा इतिहास आज पाहावयाचा आहे.

उदाहरण आपल्या ओळखीचेच घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० ही गाडी बाहेर पडू लागली. पुढे तीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. ठाणे-डोंबिवलीच्या कित्येक घरांत पहिली मोटार आली ती हीच. इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे. १९५३ साली इटलीत ही गाडी निघाली तेव्हा त्याची शक्ती होती अवघी ३६ अश्वशक्ती. गंमत अशी की त्याच वर्षी फियाटने हेच इंजिन थोडे सुधारून एक वेगवान गाडी काढली. आकार तोच, पण शक्ती सुमारे ५० ! म्हणजे मिस्त्रींनी पुढे गॅरेजात जे केले, त्याचा धडा कारखान्यानेच आधी घालून दिला होता.

हा धडा काय होता ? इंजिन म्हणजे एक चूलच. पेट्रोल कितीही ओता. ते जाळावयास हवा पुरली नाही तर धूरच व्हावयाचा. म्हणून सारी खटपट हवेसाठी. कार्बोरेटर मोठा बसवा, हवा जाण्यायेण्याच्या वाटा घासून गुळगुळीत करा, सायलेन्सर मोकळा करा. दुसरा मार्ग दाबाचा. हेड थोडे घासले की पिस्टनच्या माथ्यावरची जागा कमी होते, मिश्रण अधिक दाबले जाते आणि तेवढ्याच पेट्रोलातून अधिक काम निघते. तिसरा मार्ग हवा कोंबण्याचा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर पंखा फिरवावा आणि त्याने ताजी हवा आत दाबावी, या कल्पनेचे पेटंट १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी याने घेतले. हा गृहस्थही त्याच व्हिंटरथूर गावचा, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता किंमत पाहू. डोंबिवलीत आमच्या शेजारी एका गृहस्थांकडे फियाट होती. त्यांनी एका मिस्त्रीकडून हेड घासून घेतले. शहापूरपर्यंत गाडी अशी पळाली की काकांचा चेहरा फुलून गेला. कसाऱ्याचा घाट सुरू झाला आणि इंजिनातून टिकटिक ठोके ऐकू येऊ लागले. अर्ध्या घाटात वाफेचा लोट उठला. गॅस्केट फुटले होते. मिस्त्री अडाणी नव्हता. सपाटीवर त्याचे गणित बरोबर होते. पण चढणीवर इंजिनावर भार आला, तापमान वाढले, आणि फार दाबलेले मिश्रण ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता आपोआप भडकू लागले. ठोके ऐकू येतात ते या भडक्याचे. वर इगतपुरीच्या उंचीवर हवाही पाच-सहा टक्क्यांनी विरळ, म्हणजे शक्ती मुळातच तेवढी कमी. कारखान्याने सोडलेली ती जागा आळसाने सोडलेली नव्हती. हलके पेट्रोल, उन्हाळा, घाट आणि पाच माणसांचे ओझे यांसाठी राखलेली ती शिल्लक होती. काकांनी ती खर्चून टाकली.

हीच गोष्ट जगाने मोठ्या प्रमाणावर केली. ठोके बंद व्हावेत म्हणून १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिज्ली याने शिशाचे एक संयुग पेट्रोलात मिसळून पाहिले. उपाय अचूक ठरला. दाब वाढवता आला, शक्ती वाढली. परंतु ते शिसे धुराबरोबर रस्त्यावर आले आणि मुलांच्या रक्तात उतरले. भारतात शिशाचे पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीत बंद झाले. जवळजवळ ऐंशी वर्षे या शक्तीची किंमत, मोटारीत कधीही न बसलेल्या माणसांनीदेखील दिली.

आता मिस्त्रीचे कान आणि कानस यांची जागा संगणकाने घेतली आहे. इंजिनाच्या स्मरणातील आकडे बदलले की काही मिनिटांत शक्ती वाढते. मात्र ब्रेक, टायर, गिअर हे जुन्याच शक्तीच्या मापाचे राहतात. कायदाही येथे आडवा येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे पडतील असा बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. हौशी तरुणांना हे जाचक वाटते. तथापि घाटात समोरून येणाऱ्या एस.टी.तल्या प्रवाशांचाही त्या रस्त्यावर हक्क आहे, हे विसरून कसे चालेल ?

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. चाळीसएक अश्वशक्तीवर तिने दोन-तीन पिढ्यांना स्टेशनावर, इस्पितळात आणि लग्नमंडपात पोहोचवले. शक्ती वाढवू नये असे मी म्हणत नाही. तो कारागिरीचा जुना व मानाचा छंद आहे. परंतु ती कुठून उसनी घेतली, याचा हिशेब आधी मांडावा. रेल्वेचे ढकलणारे इंजिन इगतपुरीला सुटते आणि मुकाट्याने कसाऱ्याला परत येते. उसनी शक्ती अशी घाटमाथ्यावर फेडून टाकण्याची सोय मोटारीला नाही.