यंत्र, ध्वनी आणि हात : स्तनकर्करोगाच्या शोधाची शंभर वर्षे



स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय निवडला याचे काही जणांना नवल वाटेल. शाळेच्या व्यासपीठावर राजे, लढाया, चळवळी यांचा इतिहास सांगण्याची आपली रीत आहे. परंतु रोगाशी माणसाने दिलेल्या झुंजीलाही इतिहास असतो, आणि ज्या रोगाचे नाव घरात उच्चारायला आपण संकोचतो, त्याचा इतिहास तर मुद्दाम सांगितला पाहिजे. स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला. तो लवकर कसा ओळखावा, मॅमोग्राफीने की सोनोग्राफीने, हा प्रश्न आज सुशिक्षित घरांतून विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. १९१३ साली बर्लिनमधील शल्यविशारद आल्बर्ट सालोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली, आणि गाठीचे छायाचित्रातील रूप व तिचे खरे रूप यांचा मेळ घालून पाहिला. मॅमोग्राफीचे बीज ते हेच. नाझी राजवटीत या ज्यू डॉक्टराचे काम थांबले. ते स्वतः जिवंत राहिले, पण त्यांची चित्रकार कन्या शार्लोट १९४३ साली आउश्वित्झ येथे मारली गेली. विज्ञानाची वाट अशी इतिहासाच्या काट्याकुट्यांतूनच जाते.

पुढे उरुग्वेतील राऊल लेबोर्न यांनी १९५० च्या सुमारास दोन गोष्टी दाखवून दिल्या. स्तन दाबून सपाट केल्यास छायाचित्र स्पष्ट येते ही एक, आणि कर्करोगात चुन्याचे अतिसूक्ष्म कण दिसतात ही दुसरी. १९६० च्या सुमारास अमेरिकेत ह्यूस्टन येथे रॉबर्ट ईगन यांनी ही पद्धत इतरांनाही शिकता येईल इतकी नेमकी केली. मग १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रियांना घेऊन मोठा प्रयोग सुरू झाला. ज्यांना मॅमोग्राफी व डॉक्टरांची हाताने तपासणी देऊ केली, त्या गटात पहिल्या दहा वर्षांत या रोगाने झालेले मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी भरले. स्वीडनमधील प्रयोगाने १९८५ साली त्याला दुजोरा दिला. उलट कॅनडात १९८० साली सुरू झालेल्या प्रयोगात पन्नाशीतील स्त्रियांमध्ये चांगल्या प्रतीच्या हस्ततपासणीला मॅमोग्राफीची जोड दिल्याने मृत्यू आणखी घटल्याचे दिसले नाही. हा वाद तज्ज्ञांत आजही मिटलेला नाही.

दुसरे साधन ध्वनीचे. मूळचे इंग्रज असलेले डॉ. जॉन वाइल्ड आणि अभियंते जॉन रीड यांनी १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मिनेसोटा येथे स्तनातील गाठी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी तपासल्या. वाइल्ड यांचे आरंभीचे प्रयोग रडारचे शिक्षण देण्यासाठी बनविलेल्या नौदलाच्या उपकरणावर झाले होते. युद्धासाठी घडविलेली वस्तू अशी आरोग्याच्या कामी आली.

आता दोहोंची तुलना करू. मॅमोग्राफीत चरबी काळपट दिसते, दूधग्रंथींचा दाट भाग पांढरा दिसतो, आणि गाठही पांढरीच. तरुण स्त्रीचा स्तन दाट असल्याने धुक्यात पांढरे ढोर शोधावे तशी गत होते. पण चुन्याचे सूक्ष्म कण, म्हणजे गाठ होण्यापूर्वीची खूण, तिथे उत्तम दिसते. सोनोग्राफीत क्ष-किरण नाहीत, स्तन दाबावा लागत नाही, आणि गाठ पाण्याची आहे की भरीव आहे, हे चटकन कळते. मात्र चुन्याचे कण तिला नीट दिसत नाहीत, आणि तपासणाऱ्याच्या कौशल्यावर सारे अवलंबून असते. जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या जवळजवळ ७३,००० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मॅमोग्राफीला सोनोग्राफीची जोड दिल्यावर कर्करोग सापडण्याचे प्रमाण ७७ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेले. पण त्याबरोबर खोटी भीतीही वाढली, कारण रोग नसलेल्या अधिक स्त्रियांना पुढच्या तपासण्यांना जावे लागले. त्यामुळे मृत्यू घटतात काय, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

मग आपल्याकडे काय करावे? पाश्चात्य स्त्रियांच्या मानाने आपल्याकडे हा रोग साधारण दहा वर्षे आधी, म्हणजे स्तन दाट असण्याच्या वयात, येतो. म्हणून सोनोग्राफी आपल्याला सोयीची, असे सहज वाटते. पण गर्भलिंगनिदानाच्या पापामुळे १९९४ चा कायदा करावा लागला, आणि आज त्याखाली सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी सक्तीची आहे. ते उचलून गावोगाव फिरविणे सोपे नाही. एका अन्यायाला घातलेला बांध दुसऱ्या कामाच्या वाटेतही येतो, हे कडू सत्य आहे. तरीही तो बांध हवाच.

येथे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे नाव आदराने घ्यावे लागेल. परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या या संस्थेने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा प्रयोग आरंभिला. डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रश्न साधा होता : यंत्राविना, प्रशिक्षित आरोग्यसेविकेच्या हातांनी, काय साधते? निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी एक अशा चार तपासण्या झाल्या. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील रोगी ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के. सर्व वयांचा हिशेब धरता मृत्यूंतील १५ टक्के घट संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरली नाही. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती जवळजवळ ३० टक्के भरली आणि कसोटीस उतरली. पन्नाशीखालच्या स्त्रियांना मात्र तसा लाभ दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता आपल्या जोयड्याकडे येऊ. काळी नदीवर सुपा धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, आणि तालुक्याचे ठाणे येथे आले. विजेसाठी या भूमीने आपली गावे दिली. तरीही जंगलातील विरळ वस्त्यांत राहणाऱ्या कुणबी भगिनीला कारवार, हुबळी, बेळगाव वा गोव्यातील बांबोळी गाठायचे तर एका दिवसाची मजुरी आणि घरच्यांची परवानगी, दोन्ही लागतात. तिच्यापुढे मॅमोग्राफी की सोनोग्राफी हा प्रश्न ठेवणे म्हणजे दार नसलेल्या घराला कुलूप कोणते लावावे, हे विचारणे होय. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी आरोग्य कर्मचाऱ्यांकडून हस्ततपासणी सांगितली आहे. ते दार हेच. हाताला गाठ लागली की मग यंत्रांची पाळी : तरुण स्त्रीला आधी सोनोग्राफी, चाळिशीनंतर मॅमोग्राफी व गरजेप्रमाणे दोन्ही, आणि शेवटी सुईने काढलेला तुकडा. निदानाचा अखेरचा शब्द त्या तुकड्याचाच.

या तिन्ही साधनांत भांडण लावण्याचे कारण नाही. हात गाठ शोधतो, ध्वनी तिची जात सांगतो, क्ष-किरण हाताला न लागणारी खूणही दाखवितात. पण या तिघांच्याही आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे बोलण्याचे धैर्य. गाठ दुखत नाही म्हणून लपविलेले सहा महिने कोणतेही यंत्र परत देऊ शकत नाही. या शाळेत शिकून गेलेल्या मुलींनी आपल्या आईला, मावशीला, आत्याला एकदा विचारावे, आणि मुलांनी त्यांना तपासणीला घेऊन जावे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांना याहून चांगली आदरांजली मला सुचत नाही.