शस्त्र कीं काळ?

कंबरेपासून टांचेपर्यंत उतरणारी कळ ज्यानें सोसली आहे, त्याला शस्त्रक्रियेच्या भयापेक्षां सुटकेची घाईच अधिक असते. या घाईचा लाभ किती आणि तिचें मोल किती, हें ठरविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

सन १९३४ मध्यें बोस्टन येथील मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनीं दाखवून दिलें कीं, दोन मणक्यांमधील गादी फाटून बाहेर सरकते, नसेवर दाब पडतो, आणि तेवढा भाग काढला असतां रोग्यास आराम पडतो. शोध खरा होता. परंतु सरकलेली गादी पुष्कळदां आपोआपहि आकसते. मग रोगी बरा झाला तो शस्त्रानें, कीं काळानें?

नॉर्वेंतील हेन्रिक वेबर यांनीं या प्रश्नास हात घातला. त्यांच्या २८० रोग्यांपैकीं ६७ जणांना शस्त्रक्रिया अटळ होती. ८७ जण तिच्यावांचूनच सुधारत होते. उरलेल्या १२६ जणांविषयीं निर्णय होईना, तेव्हां चिठ्ठ्या टाकाव्या तशी त्यांची दोन गटांत वांटणी केली. दहा वर्षांचा हिशेब सन १९८३ मध्यें प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाअखेर शस्त्रक्रियेचा गट उघडच सरस ठरला. चौथ्या वर्षीं मात्र गणिताच्या कसोटीस उतरेल इतका भेद उरला नव्हता.

पुढें अमेरिकेंत सन २००० मध्यें तेरा केंद्रांनीं मोठा प्रयोग आरंभिला. पण व्याकुळ माणूस चिठ्ठीची आज्ञा पाळीत नाहीं. शस्त्रक्रिया नेमून दिलेल्या कित्येकांनीं ती टाळली, आणि न दिलेल्यांपैकीं शेंकडा ४५ जणांनीं दोन वर्षांत ती करून घेतली. त्यामुळें निकाल धूसर झाला. सन २००८ मध्यें त्याच रोग्यांवरून खर्चाचा हिशेब निघाला. सुदृढ आयुष्याचें एक वर्ष अधिक मिळविण्यास सर्वसाधारण दरानें सुमारें ६९,००० डॉलर, तर वृद्धांच्या सरकारी विम्याच्या दरानें सुमारें ३४,००० डॉलर पडत होते! शस्त्र तेंच, लाभहि तोच. बदलला तो केवळ दर.

पायांतील बळ झपाट्यानें जाऊं लागलें, किंवा मूत्रावरील ताबा सुटला, तर थांबणें घातक होय. एरव्हीं शस्त्रवैद्य आपल्याला बहुधा विकत देतो तो काळ. हातावर पोट असलेल्या हमालाला वर्षभर आधीं उठून उभें राहणें म्हणजे सारा संसार. दुसऱ्या कोणाला तें वर्ष धीरानें काढतां येईल. म्हणून लाभ व खर्च दोन्ही रोग्यापुढें उघडे मांडावेत, आणि कौल त्याचा त्यानें द्यावा.